रुग्णशय्येपाशीं



कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या गाडीस लागणारें पहिलें स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. मोठा आजार उद्भवला कीं येथील पुष्कळ कुटुंबांची वाट ठरलेली असते : लोकलनें परळास जावें, १९२६ सालीं उघडलेल्या के. ई. एम. मध्यें किंवा १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा रुग्णालयांत उपचार घ्यावे, आणि औषधांची चिठ्ठी घेऊन घरीं परतावें. शस्त्रक्रिया कांहीं तासांची, रुग्णालयांतील वास्तव्य कांहीं दिवसांचें. पुढचे आठवडे किंवा महिने मात्र घरच्या खाटेवरच काढावयाचे असतात. कधीं कधीं तर "आतां घरीं न्या" एवढेंच डॉक्टर सांगतात, आणि आप्तांस वाटतें कीं, करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. ही समजूत खरी नव्हे. रोग बरा करणें हातीं नसलें, तरी वेदना कमी करणें, रोग्यास झोंप मिळवून देणें आणि चार घास सुखानें पोटांत जातील असें पाहणें, हें बहुधा आपल्या हातीं असतें.

शुश्रूषा हें हलकें काम, असें आपल्या समाजांत फार दिवस मानलें गेलें. वास्तविक आपल्याकडे या कामाची परंपरा थोर आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं पुण्याजवळ रोग्यांची सेवा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें. तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण मिळावें म्हणून रमाबाई रानडे यांनीं लोकमताचा विरोध सोसून खटपट केली. शुश्रूषा ही शिकण्याची विद्या आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. ती थोडीबहुत प्रत्येक घरानें शिकावी.

प्रथम वेदना. ती किती आहे हें रोग्यावांचून दुसऱ्या कोणास कळत नाहीं, म्हणून त्यासच विचारावें : "मुळींच दुखत नसेल तर शून्य, असह्य असेल तर दहा, मग आतां किती?" चेहरा शांत दिसतो एवढ्यावरून दुखत नाहीं असें समजूं नये. दीर्घ दुखण्याचा माणूस कण्हणेंहि सोडून देतो. डॉक्टरांनीं वेळा बांधून दिलेलें औषध त्या वेळेसच द्यावें. कळ असह्य होईपर्यंत थांबलें, तर तोंवर रक्तांतील औषधाचा अंश उतरून गेलेला असतो आणि ती आवरणें कठीण होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं कर्करोगाच्या वेदनेसाठीं हाच नियम सांगितला : शक्यतों तोंडानें, घड्याळाप्रमाणें, आणि सौम्य औषधापासून तीव्र औषधापर्यंत पायरीपायरीनें.

वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. त्याचें नांव निघतांच घरांत व्यसनाची भीति शिरते, आणि रोगी विनाकारण तळमळत राहतो. कर्करोगाच्या वेदनेसाठीं जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिलेल्या मॉर्फिननें व्यसन जडणें क्वचितच घडतें. त्यानें मलावरोध मात्र होतो, म्हणून रेचकाविषयीं पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें. फार गुंगी आली किंवा श्वास मंद झाला, तर तत्काळ डॉक्टरांस कळवावें. १९८५ च्या कायद्यामुळें हें औषध मिळणें दुष्कर झालें होतें. २०१४ सालीं दुरुस्ती होऊन तो मार्ग कांहींसा सुकर झाला आहे. असाध्य रोग्यांसाठीं वांद्र्यास शांति अवेदना सदन १९८६ पासून आहे. लंडनमध्यें १९६७ सालीं असेंच सदन उघडणाऱ्या सिसिली साँडर्स या आधीं परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या. वेदना केवळ शरीराची नसते. भय, पैशाची विवंचना आणि एकटेपणा हेहि तिच्यांत मिसळलेले असतात, असें त्या सांगत.

आतां शय्या. ज्यास स्वतः कूस पालटतां येत नाहीं त्यास साधारण दर दोन तासांनीं वळवावें. हाडांच्या उंचवट्यांवर, म्हणजे माकडहाड, टांचा व कुल्ले यांवर, सतत भार पडला कीं तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि कातडी मरूं लागते. बोटानें दाबल्यावरहि जी लाली जात नाहीं, ती धोक्याची पहिली खूण होय. ती जागा चोळूं नये. तिच्यावरचा भार काढावा. चादरीस सुरकुती व ओल राहूं देऊं नये, आणि पोटऱ्यांखालीं उशी घेऊन टांचा अधांतरीं ठेवाव्या.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत विश्रांति मिळणें सोपें नाहीं. रुळांवरची धडधड आपल्यास थांबवितां येत नाहीं, परंतु घरांतील गडबड थांबवितां येते. औषध, अंग पुसणें, कूस पालटणें हीं कामें शक्य तेथें एकाच वेळीं उरकावीं, म्हणजे मधली झोंप मोडत नाहीं. दिवसा खिडकी उघडी असावी, रात्रीं दिवा मंद असावा. समाचारास येणाऱ्यांना एकानें बाहेरच्या खोलींत हकीकत सांगावी. तीच कथा रोग्याकडून दहादां वदवून घेऊं नये.

राहिला आहार. शेजाऱ्यांनीं सुचविलेल्या पथ्यांनीं कित्येक रोगी उपाशी राहतात. जखम भरून येण्यास प्रथिनें लागतात. डॉक्टरांची मनाई नसेल, तर मऊ भात व मुगाचें वरण, नाचणीची आंबील, दहीं, अंडें असें थोडें थोडें अनेक वेळां द्यावें. आडव्या किंवा गुंगींतल्या माणसास कधींहि भरवूं नये; घांस श्वासनलिकेंत जातो. त्यास बसवून, हनुवटी किंचित् खालीं ठेवून भरवावें, आणि नंतर अर्धा तास तसेंच बसूं द्यावें.

अखेरच्या दिवसांत मात्र भूक आपोआप मावळते. "एवढा एक घांस माझ्यासाठीं" हा आग्रह प्रेमाचा खरा, पण रोग्यास तो छळ होतो. जेवण बंद झाल्यामुळें तो जात नसतो. तो जाण्याच्या वाटेवर असल्यामुळें जेवण बंद झालेलें असतें. अशा वेळीं ओल्या फडक्यानें ओठ व तोंड ओलें ठेवावें, हात हातीं घेऊन बसावें. तीहि सेवाच होय.

शेवटीं एक सांगणें. हा सारा भार बहुतेक घरीं एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो. पुरुषांनींहि पाळी वांटून घ्यावी, आणि उशाशीं एक वही ठेवून तींत औषधाची वेळ, वेदनेचा आंकडा, खाणें व झोंप टिपावी. रात्रीं दोन वाजतां जो उठेल, त्यास त्या वहीवरून काय करावें हें कळेल, आणि दिवसभर राबलेल्या बाईस निश्चिंतपणें डोळे मिटतां येतील.