घरांतील प्रवाळ-मत्स्यालय

सन १८४६ मध्यें ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनमधील आपल्या घरीं आणले. पाण्यांत हवा मिसळणारा विजेचा पंप तेव्हां नव्हता. म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून दररोज अर्धा-पाऊण तास तें खारें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. समुद्रापासून इतक्या दूर ते जीव सुमारें तीन वर्षें जगले, ते या खटाटोपामुळें. आज मोलकरणीची जागा पंपानें घेतली आहे; काम मात्र तेंच आहे. मासे आणि प्रवाळ पाळणें म्हणजे आधीं पाणी पाळणें, हें ज्याच्या ध्यानांत आलें, त्याला पुढील सर्व साधनांचें प्रयोजन सहज कळतें.

प्रवाळ दिसतो झुडपासारखा, कठीण जातींचा हाताला लागतो दगडासारखा, परंतु तो आहे प्राणी. उष्ण समुद्रांतील पुष्कळ प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें वस्तीला असतात. तीं उजेडाच्या बळावर अन्न तयार करितात आणि त्यांतील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. पाणी दीर्घकाळ प्रमाणाबाहेर तापलें, कीं हा सहवास मोडतो. प्रवाळ पांढराफटक पडतो आणि वेळींच सुधारणा न झाल्यास उपासमारीनें मरतो. प्रवाळ वाढतात त्या समुद्रांत उष्णता व खारेपणा यांत सहसा एकाएकीं मोठा फेरफार होत नाहीं. त्या स्थैर्याची संवय झालेल्या जीवाला काचेच्या पेटींत आणावयाचें, तर तें स्थैर्यही पेटींत निर्माण केलें पाहिजे.

म्हणून टाकी फार लहान घेऊं नये. खर्च वांचेल या समजुतीनें वीस-पंचवीस लिटरांची पेटी घेतली, तर एखादा मासा मेला किंवा दोन लिटर पाणी वाळलें, तरी सारा समतोल बिघडतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा टाकींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. आरंभाला हें माप सोयीचें होय. मात्र काच, खडक आणि घडवंची धरून एकंदर भार अडीचशें किलोंच्या पुढें जातो. जुन्या चाळींतील फळ्यांच्या जमिनीवर अशी टाकी ठेवण्यापूर्वीं जाणकार इंजिनियराचा सल्ला घ्यावा. घडवंची समपातळींत असावी आणि टाकीवर थेट ऊन पडूं नये.

पाणी किनाऱ्यावरून भरून आणावें, असें मुंबईकरास सहज वाटेल. परंतु शहरालगतच्या समुद्रांत सांडपाणी मिसळलेलें असतें, आणि पावसाळ्यांत गोड्या पाण्याच्या लोंढ्यांनीं त्याचा खारेपणाही उतरतो. स्वयंपाकाच्या मिठानेंही काम भागत नाहीं; तें जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असतें, आणि समुद्रांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदि द्रव्यें ठराविक प्रमाणांत असतात. यासाठीं मत्स्यालयाकरितां तयार केलेलें मीठ घ्यावें, आणि आर. ओ. यंत्रांतून काढलेल्या शुद्ध पाण्यांत तें दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार होतील असें विरघळवावें. वर सांगितलेल्या टाकीस साडेसहा ते सात किलो मीठ लागतें. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरनें मोजावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें. येथें नवख्याची एक चूक नेहमीं होते. टाकींतून वाळतें तें केवळ पाणी. मीठ मागें राहतें. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानें भरावी, खाऱ्या पाण्यानें नव्हे.

साधनांपैकीं पहिलें पंपाचें. टाकींत जितकें पाणी आहे, त्याच्या दहा ते वीस पट पाणी तासाभरांत खेळविणारे पंप आरंभाला पुरतात. दुसरें साधन प्रोटीन स्किमर. यांत हवेचे अतिशय बारीक बुडबुडे खाऱ्या पाण्यांतून वर चढतात. मलांतील आणि उरलेल्या अन्नांतील द्रव्यें त्यांना चिकटून फेसाच्या रूपानें वरच्या पेल्यांत सांठतात. साखरेचा पाक उकळतांना वर येणारी मळी गृहिणी झाऱ्यानें काढून टाकते, तसलाच हा प्रकार. घाण कुजण्यापूर्वींच बाहेर जाते, हा त्याचा मोठा गुण.

तिसरी व्यवस्था उष्णतेची. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलें पाहिजे. थंड मुलखांत त्यासाठीं हीटर लागतो. मुंबईच्या चैत्र-वैशाखांत प्रश्न उलटा असतो. पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनानें तें थोडें निवतें, परंतु दमट हवेंत ही युक्ति अपुरी पडते आणि चिलर घ्यावा लागतो. त्याची किंमत आणि विजेचें बिल हीं दोन्ही आधींच हिशेबांत धरावीं. चौथें साधन दिव्यांचें. निळसर छटेचे एलईडी दिवे दिवसाला आठ ते दहा तास पेटतील, असें टायमरवर लावून द्यावे. खारें पाणी आणि वीज यांचें सख्य नाहीं. म्हणून अर्थिंग नीट असावें, गळती होतांच प्रवाह तोडणारा ब्रेकर असावा, आणि प्रत्येक तार प्लगपाशीं जाण्यापूर्वीं खालीं झोळ घेईल अशी सोडावी, म्हणजे थेंब तेथेंच गळून पडतील. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशीं असावा.

एवढी मांडणी झाली, कीं घरांतील मुलें विचारतात, "मासे केव्हां आणायचे?" उत्तर असें, कीं बहुधा महिना-दीड महिना थांबावयाचें. माशांच्या उत्सर्जनांतून आणि कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया निघतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंही घातकच. दुसऱ्या प्रकारचे जंतु त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळ सौम्य होय. हें कार्य जंतूंचें आहे, हें रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रॅड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास दाखवून दिलें. सच्छिद्र खडकांवर या जंतूंची वस्ती व्हावी म्हणून रिकाम्या टाकींत अमोनियाचे मोजके थेंब किंवा माशांच्या खाद्याची चिमूट घालतात. हें विरजणासारखें आहे. घाई करून दहीं लवकर लागत नाहीं. दर दोन दिवसांनीं टेस्ट किटनें पाणी तपासावें. घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहींसा होऊन नायट्राइटही शून्यावर आलें, म्हणजे टाकी तयार झाली असें समजावें. पुढें सांठणारें नायट्रेट कमी ठेवण्यासाठीं दर आठवड्याला सुमारें दहावा हिस्सा पाणी बदलावें.

आतां रहिवाशांची निवड. आणि येथें प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना भारतांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचें संरक्षण २००१ सालापासून आहे. त्यांची शिकार वा व्यापार केल्यास कमींत कमी तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला वाळका तुकडाही निरुपद्रवी समजूं नये. म्हणून टाकींतील खडक माणसानें बनविलेले असावेत. पहिले मासे बंदिस्त पाण्यांत जन्मलेलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक माशांच्या पैदाशीचें तंत्र सिद्ध केलें आहे, आणि अशी जोडी समुद्रफुलाच्या सोबतीवांचूनही सुखानें नांदते. मऊ प्रवाळांचे वाढविलेले तुकडे कांहीं महिन्यांनीं, आणि विक्रेत्यानें कागदपत्रें दाखविल्यासच, आणावेत. त्यांना हात लावतांना हातमोजे घालावेत. बटणासारख्या दिसणाऱ्या झोअँथिड वर्गांतील कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें तीव्र विष असतें, आणि तसा दगड उकळत्या पाण्यांत कधींही टाकूं नये. माशांच्या औषधांतील तांबें प्रवाळांना मारक असल्यानें आजारी माशाचे उपचार निराळ्या भांड्यांत करावेत.

खर्चाचा क्रमही हाच ठेवावा: आधीं पाणी आणि तें मोजण्याचीं साधनें, मग पंप, स्किमर, चिलर व दिवे, आणि सर्वांत शेवटीं जीव. टाकीजवळ एक वही असावी. तींत रोज उष्णता, आणि आठवड्याला खारेपणा व नायट्रेट टिपावें. एखाद्या प्रवाळानें अंग आखडून घेतलें, तर त्याचें कारण बहुधा त्या वहींतच सांपडतें. रोज दहा मिनिटें आणि आठवड्याला तास-दीड तास ज्या घरांत निघत नाहींत, तेथें ही हौस तूर्त पुढें ढकलणें बरें. कारण मालक गांवाला गेला, तरी टाकींतील जीवांना दुसरीकडे जातां येत नाहीं.