‘अपर हँड’ म्हणजे वरचा हात नव्हे

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलं की समोरच मेन बाजार सुरू होतो. कापडी झोळे, चामड्याच्या चपला, अत्तरं आणि पाठीवर बोचकं घेतलेले परदेशी प्रवासी. इंग्रजीतला ‘अपर हँड’ समजून घ्यायला मला याहून चांगली जागा सुचत नाही.

समजा, तुम्ही एका झोळ्याची किंमत विचारली आणि दुकानदार आठशे म्हणाला. झोळा तुमच्या मनात भरलाय हे त्याने ओळखलं आहे, आणि शेजारच्या दुकानात तोच कितीला मिळतो हे तुम्हाला ठाऊक नाही. या घटकेला अपर हँड त्याच्याकडे आहे. तुम्ही झोळा खाली ठेवून चार पावलं पुढे जाता. मागून हाक येते, “अरे, आप बताइए ना, कितना देंगे?” आता अपर हँड तुमच्याकडे आला. माणसं तीच, झोळा तोच. कोणाला कोणाची गरज जास्त, एवढंच बदललं. मग बोलण्याच्या ओघात तुम्ही सांगून बसता की अर्ध्या तासात गाडी आहे. झालं, अपर हँड परत त्याच्याकडे!

या शब्दाचा सगळा जीव या अशा सरकण्यात आहे. ताकद किंवा पैसा असणं म्हणजे अपर हँड नव्हे. दोघांच्या व्यवहारात त्या वेळी एकाची बाजू वरचढ असणं म्हणजे अपर हँड. म्हणून त्याच्याशी ‘हॅव’ येतं तसंच ‘गेन’ आणि ‘लूज’ही येतं. शब्दाआधी ‘द’ हवाच, आणि ज्याच्यावर मात केली त्याच्याआधी ‘ओव्हर’.

बेसबॉलची बॅट दोघांनी आळीपाळीने मुठी रचत धरायची, सगळ्यात वरची मूठ ज्याची त्याची सरशी, त्यावरून हा प्रयोग आला असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. हा प्रयोग 15व्या शतकातला आहे आणि बेसबॉल त्याच्या फार नंतरचा.

मराठीत ‘वरचा हात’ म्हणून चालत नाही, आणि ‘हात वर करणे’ म्हणजे तर जबाबदारी झटकणे. मग वर्तमानपत्रं सरसकट ‘वरचष्मा’ लिहितात. या शब्दात हात नाही, फारसीतला ‘चष्म’ म्हणजे डोळा आहे, आणि त्याला मुरलेल्या सत्तेचा वास आहे. दिल्लीचंच घ्या. 1784 मध्ये महादजी शिंदे यांच्या हाती मुघल बादशाहीचा कारभार आला. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने दिल्ली बळकावली, तरी ती पुन्हा मराठ्यांच्या हाती आली, आणि 1803 मध्ये पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांनी ती घेईपर्यंत राहिली. दिल्लीवरचा मराठ्यांचा तो वरचष्मा. झोळ्याच्या सौद्याला हा शब्द फार मोठा होतो.

तिथे ‘पारडं जड’ बसतं. पहाडगंजातच नूतन मराठी शाळा आहे. तिथल्या मुलाच्या कानावर बाजारात ‘पलड़ा भारी’ पडतं आणि घरी ‘पारडं जड’, त्यामुळे त्याला हे समजवावं लागणार नाही. समोरच्याचं गुपित ठाऊक असेल तर ‘त्याची शेंडी माझ्या हातात आहे’ म्हणावं. आणि वस्तू ताब्यात असणं हेच बळ असेल, तर ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ आहेच.

अनुवाद करणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘अपर हँड’ दिसला की आधी विचारा, ही बाजू तासाभरात उलटू शकते का? उलटू शकत असेल, तर ‘वरचष्मा’ लिहू नका.