टायर आणि दैव

रस्त्यावर अपघात झाला की पहिले वाक्य कानी पडते ते ‘टायर फुटला हो!’ जणू आकाशातून वीजच पडली. मग कोणाला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. कारखान्यातही आम्ही हेच पाहत आलो. यंत्राला जाळी बसवायची नाही, आणि हात सापडला की कामगाराचे नशीब म्हणून मोकळे व्हायचे!

या वादाचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली केला आहे. २०१० च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा टायर फुटला व आतील एक गृहस्थ दगावले. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपये भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली आणि टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे असे म्हणू लागली. न्यायालयाने ते मानले नाही. टायर फुटणे ही दैवी आपत्ती नसून माणसाचा निष्काळजीपणा आहे, प्रवासापूर्वी टायर पाहणे हे गाडीवाल्याचे काम आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

आता टायर फुटतो कसा ते पाहू. टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्याच्या पोटात सुताचे व तारेचे थर असतात. आपल्या शेजारच्या शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात टायरसाठी लागणारे असे सूत निघत आले आहे. भार पेलते ती आत कोंडलेली हवा. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकतात. ताशी १०० किलोमीटरला मोटारीचे चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेते. लोखंडी तार दोन्ही हातांत धरून भराभर वाकवून पाहा, ती तापते आणि शेवटी तुटते. टायरचेही तेच होते. म्हणून उन्हाळ्यात ‘फुटू नये’ म्हणून हवा कमी ठेवणे हा उलटा उपाय आहे. कमी हवेचा टायर अधिक तापतो.

हवा गाडी थंड असताना पाहावी, निदान पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी. किती भरायची तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नव्हे. स्टेपनीतली हवाही पाहावी. अडचणीच्या वेळी तीच बसलेली निघते!

मग नक्षी पाहावी. तिच्या खाचांतून पावसाचे पाणी बाहेर फेकले जाते. खाचा झिजल्या की चाक पाण्यावर तरंगते, आणि मग ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की मोटारीचा टायर बदललाच पाहिजे. झीजही बोलते: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली. बाजूला फुगा आला तर आतले सूत तुटले असे समजावे. त्याला दुरुस्ती नाही.

वयही मोजावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याला दाखवावा. दहा वर्षांचा झाला की नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा.

हे सारे पाच मिनिटांचे काम आहे. मग अडते कुठे? कात्रपमधले कितीतरी तरुण दुसऱ्याची गाडी चालवून पोट भरतात. टायर गुळगुळीत झालेला त्यांना दिसतो; मालक म्हणतो, ‘अजून दोन महिने ओढ.’ नाही म्हणावे तर उद्या चावी दुसऱ्याच्या हाती. येथे कायदा काय म्हणतो ते ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे १९० वे कलम दोष असलेली गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, तर ती चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरते. साधी काळजी घेतली असती तर दोष कळला असता, एवढे त्याला पुरे आहे.

म्हणून ड्रायव्हर बंधूंना आमचे सांगणे असे: गाडी ताब्यात घेताना चारही टायर व स्टेपनी पाहा, दोष दिसल्यास तारीख घालून मालकाला लेखी कळवा, आणि त्याची प्रत जवळ ठेवा. एकट्याला भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून कळवा. आणि भाड्याची गाडी बोलावणाऱ्यांनो, बसण्यापूर्वी एकदा चाकांकडे वाकून पाहा.