बाळाचं वजन झालं, बाळंतिणीचं काय?

बाळंतीण घरी आली की शिरूर-दौंडच्या गावांत आशाताईंच्या फेऱ्या सुरू होतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. हात धुऊन त्या बाळाला झोळीच्या काट्यात ठेवतात, ताप पाहतात, अंगावर नीट पितंय ना याची खात्री करतात. ही पद्धत मूळची गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले, नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले आणि २०११ मध्ये देशाने ती स्वीकारली.

आशाताईंच्या फॉर्ममध्ये आईसाठीही रकाने आहेत : ताप आहे का, असंबद्ध बोलते का, झटके येतात का. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजारात एक-दोघींना होतो, तो यात सापडेल. नैराश्यातली बाई मात्र असंबद्ध बोलत नाही; ती बोलतच नाही. २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं.

प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतात. त्या दिवसांतलं रडू, चिडचिड बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकली तर दखल घ्यायलाच हवी. संप्रेरकांवर सगळं ढकलता येत नाही. गोव्यातल्या २००२ च्या अभ्यासात आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं यांचाही वाटा दिसला.

त्याच गोव्यात ‘संगत’ संस्थेने गावातल्याच बायकांना ‘सखी’ म्हणून तयार केलं. गरोदरपणापासून त्या नैराश्यातल्या बायकांच्या घरी जात राहिल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा सखी लाभलेल्यांपैकी ७३ टक्के नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, इतरांपैकी ६०. फरक डोळे दिपवणारा नाही, पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ दारोदार फिरवावे लागले नाहीत.

आपल्याकडे खरी फट वेगळीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बेचाळिसाव्या दिवसानंतर या फेऱ्या थांबतात, आणि लेक सासरी गेली की तिथल्या आशाताईंना तिचं काहीच माहीत नसतं. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे खोली करून राहणाऱ्या जोडप्यांना तर माहेरही जवळ नसतं.

बेचाळिसाव्या दिवसाच्या फेरीत नैराश्य ओळखणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न घातले, सासरच्या आशाताईंना निरोप गेला आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचारांची सोय असली, तर हे काम होण्यासारखं आहे. तोवर घरच्यांनी बाळाआधी बाळंतिणीची विचारपूस करावी. दोन आठवडे उलटूनही ती खिन्न असेल तर डॉक्टरांकडे न्यावं, किंवा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर एक दिवसही थांबू नये.