कॉलेजातून काय घेऊन बाहेर पडायचं?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : कोणत्या शाखेला ‘स्कोप’ आहे? तीन-चार वर्षांनी मुलामुलींच्या अंगी नेमकं काय आलेलं असावं, हा प्रश्न प्रवेशाच्या धावपळीत मागे पडतो. म्हणूनच पुढचे तीन गैरसमज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : पदवी मिळाली की क्षमता आपोआप येतात.

वस्तुस्थिती : रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या २४ संस्थांमधल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २०११ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचारात, तर्कात आणि लेखनात म्हणावी अशी वाढ दिसली नाही. ज्यांना आठवड्याला ४० हून अधिक पानं वाचावी लागत आणि सत्रात २० हून अधिक पानं लिहावी लागत, त्यांची प्रगती मात्र जास्त होती. अमेरिकेतला अभ्यास आपल्याला कसा लागू पडेल, असं कोणी विचारेल. आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. कारण मात्र इथेही तेच आहे : काम स्वतः केल्याशिवाय क्षमता वाढत नाही. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनची तीन रीडिंग घ्यायची असतात. ९.८, १०.१, ९.९ असे आकडे आले, की खरं शिक्षण तिथे सुरू होतं : थेंब जास्त पडला का, ब्युरेट नीट धुतली होती का, रीडिंग घेताना नजर द्रावणाच्या पातळीत होती का? सिनियरच्या जर्नलमधले आकडे उतरवले तर जर्नल सर्टिफाय होतं, गुणही मिळतात. पण स्वतःच्या मोजमापावर शंका घ्यायची सवय काही लागत नाही.

गैरसमज : सगळी माहिती फोनवर आहे, मग डोक्यात ठेवायची कशाला?

वस्तुस्थिती : मिळालेलं उत्तर बरोबर आहे का, हे ओळखायला आधी विषय यावा लागतो. महागाईचा दर सहा टक्क्यांवरून चारवर आला, ही बातमी वाचून ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. भाव वाढतच आहेत, फक्त वाढीचा वेग कमी झाला आहे. ज्याला ‘दर’ ही संकल्पनाच कळलेली नाही, त्याला ही चूक शोधावी असं सुचणारही नाही. अर्थात, लक्षात ठेवणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडची घोकंपट्टी नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांच्या २००६ मधल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातला ४२ टक्के भाग आठवला. एकदा वाचून मग तो न पाहता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत मांडणं ही कॉलेजात लावून घ्यायची सवय आहे.

गैरसमज : कंपन्यांना जे हवं तेच शिकवावं; बाकीचे विषय म्हणजे वेळेचा अपव्यय.

वस्तुस्थिती : या आग्रहामागची काळजी खरी आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या घराला पहिला पगार लवकर हवा असतो, आणि एखादं सॉफ्टवेअर किंवा हिशेबाचं काम हातात असेल तर तो मिळायला मदत होते. ते जरूर शिकावं. पण डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या संशोधकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या पगारांबद्दल दाखवून दिलं, की कॉम्प्युटर आणि इंजिनीअरिंगच्या पदवीधरांना सुरुवातीला मिळणारी पगारातली आघाडी पुढच्या वर्षांत झपाट्याने कमी होते, कारण तंत्र बदलतं आणि शिकलेलं जुनं होतं. नोकरी मात्र तीस-पस्तीस वर्षं करायची असते. नवं तंत्र स्वतः वाचून शिकणं, आकडेवारीतली गफलत पकडणं, आपलं म्हणणं चार माणसांना पटेल असं लिहिणं, हे सगळं प्रत्येक बदलात उपयोगी पडतं. इतिहासाचा विद्यार्थी दोन परस्परविरोधी कागदपत्रं ताडून पाहतो, तेव्हा तो हेच शिकत असतो.

म्हणून प्रवेश घेताना प्लेसमेंटच्या आकड्याबरोबर आणखी काही विचारावं : इथे वर्षभरात किती लिहून घेतात, ते कोण तपासतं, चुका दाखवून परत देतात का? आणि कॉलेज हे करून घेत नसेल, तरी ग्रंथालय उघडं असतं. चार मित्रांनी एकमेकांचं लेखन तपासायला कोणाची परवानगी लागत नाही.