फुकट दिलेली चिपही नको!

संगणकाचा मेंदू म्हणजे त्यातील प्रोसेसर चिप. या क्षेत्रात अनेक वर्षे अमेरिकेतील इंटेल कंपनीचा दबदबा होता. इंटेलची स्थापना १९६८ची, तर तिच्याशी टक्कर देणाऱ्या एएमडीची १९६९ची. वयात जेमतेम एका वर्षाचा फरक. मग एएमडीला एवढे झगडावे का लागले?

पहिली अडचण भाषेची. प्रत्येक प्रोसेसरला ठराविक सूचनाच समजतात. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची चिप निवडली आणि बहुतेक सॉफ्टवेअर त्याच सूचनांवर लिहिले जाऊ लागले. जुने प्रोग्राम चालत नसतील, तर वेगवान चिपही कोण घेणार? आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते. त्यामुळे १९८२च्या कराराने एएमडीलाही तशा चिप बनवता आल्या. पुढे ३८६ चिपचा आराखडा देण्यास इंटेलने नकार दिला. हा कोर्टकज्जा १९९५ मध्ये मिटला.

दुसरी अडचण भांडवलाची. चिपच्या कारखान्याला अब्जावधी डॉलर लागतात. ज्याचा माल जास्त खपतो, त्याला तो खर्च परवडतो. एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळ्या कंपनीकडे सोपवले.

तिसरी अडचण ग्राहकांची. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटची चिप आणली. पुढच्याच वर्षी इंटेललाही त्याच पद्धतीच्या सूचना स्वीकाराव्या लागल्या. पण चांगला माल आपोआप खपत नाही. एएमडीने एका संगणक कंपनीला दहा लाख चिप फुकट देऊ केल्या; तिने १,६०,००० च घेतल्या! सगळ्या घेतल्या असत्या, तर इंटेलकडून उरलेल्या लाखो चिपवर मिळणारी सूट गेली असती, असे युरोपीय आयोगाने २००९ मध्ये नमूद केले आणि इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसांतील वाद मिटवला. मात्र सवलतींच्या परिणामांची तपासणी सदोष ठरवून युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये तो दंड रद्द केला. स्वस्तात विकणे कुठे संपते आणि दुसऱ्याची वाट अडवणे कुठे सुरू होते, हे ठरवणे असे अवघड असते.

या झगड्याशी आपला काय संबंध? २०१७ मध्ये एएमडीने सर्वसाधारण संगणकांसाठी आठ कोअरची रायझन चिप आणली. तोवर इंटेलच्या त्या वर्गातील चिपमध्ये चारच कोअर असत. त्याच वर्षी ते सहा झाले. म्हणजे एकाने जोर लावला आणि फायदा दोघांच्याही गिऱ्हाइकांना झाला. म्हणून पालकहो, संगणक घेताना दुकानदाराला दोन्ही कंपन्यांचे भाव अवश्य विचारा.