आंबेवालीची गोष्ट आणि आपण वाचक

उर्मिला पवार यांची ‘कवच’ नावाची एक कथा आहे. आंबे विकणारी आई आणि तिचा मुलगा, एवढाच तिचा पसारा. आई बाजारात आंबे विकते. गिऱ्हाइके आंब्यांवरून बोलता बोलता दुअर्थी बोलतात, हसतात. मुलाला त्यातले आता कळू लागले आहे. त्याला लाज वाटते, संताप येतो. आईने बाजारात जाऊच नये असे त्याला वाटते. पण आई गप्प बसणारी नाही. वाकड्या बोलण्याला ती तिखट जिभेने उत्तर देते, आणि मुलाला उमगते, की ही जीभ हेच आपल्या आईचे कवच आहे.

कथा रत्नागिरीकडची. पण अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजारात डोक्यावर चुंबळ ठेवून रायवळ आंबे, करवंदे, जांभळे नाहीतर सरपण घेऊन गेलेल्या आपल्या आयाबहिणींना ती परकी वाटू नये. घरचा पुरुष मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, आणि गावाकडचा संसार बाईच्या डोक्यावरच्या पाटीवर. कोकणातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांचा हा इतिहास आहे.

अशा कथेचे वाचकांनी एकमुखाने स्वागत केले असेल, असे कुणाला वाटेल. तसे झाले नाही. ही कथा मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागली, तेव्हा तिच्या भाषेवरून वाद झाला. म्हणजे बाजारात बाईने जे रोज ऐकायचे, ते वर्गात वाचायला जड गेले!

लेखिका कोण?

उर्मिलाताईंचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले. आईने बांबूच्या टोपल्या, सुपे विणून मुले वाढवली. त्या विणकामाचे नाव त्यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला दिले : ‘आयदान’. त्याआधी ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) हे त्यांचे कथासंग्रह आले होते. मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेतला आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. एका बाजूला इतिहास, दुसऱ्या बाजूला कथा. दोन्हींत बाई बोलते आहे, हे ध्यानात घ्यावे.

मतांची चौकडी

अशी कथा आपल्या वाडीत चार माणसांत वाचली, तर चार तऱ्हेचे बोल निघतील. ते आपण नीट ऐकून घेऊ.

पहिला बोल संकोचाचा. ‘सासऱ्यांसमोर, लेकीसमोर हे वाचायचे कसे?’ हा संकोच खोटा नाही. आपल्या घरात काही शब्द उच्चारले जात नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते शब्द कथेत कुणाच्या तोंडी आहेत, ते पाहावे. वाईट बोलण्याची सुरुवात गिऱ्हाईक करते, आणि लाजायचे मात्र विकणारीने! संकोच वाटायचाच तर तो कुणी बाळगायला हवा, असा प्रश्न ही कथा विचारते.

दुसरा बोल समाजाच्या अब्रूचा. ‘आपली लक्तरे वेशीवर कशाला टांगायची? शिकलो, सुधारलो, नोकरीला लागलो. आता लोकांपुढे आपल्या बाया अशा का दाखवायच्या?’ हा बोल मुख्यतः शिकलेल्यांचा असतो आणि त्यामागे एक मोठी आठवण आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलून त्यांना सांगितले, की तुमच्या पेहरावावरून कुणी तुम्हांला अस्पृश्य म्हणून ओळखता कामा नये. बायकांनी ते लगेच मनावर घेतले, लुगडे नेसण्याची जुनी पद्धत बदलली. स्वाभिमानाने, स्वच्छ राहायचे, हे आपल्या आज्यांनी तेव्हापासून गिरवले. त्यामुळे कथेतली तिखट जिभेची बाई काहींना मागे नेणारी वाटते.

पण महाडला बाबासाहेबांनी बायकांना गप्प बसा असे सांगितले नव्हते. अपमानाची खूण अंगावरून उतरवा, असे सांगितले होते. आंबेवाली दुसरे काय करते? तिच्या अंगावर टाकलेला अपमान ती जागच्या जागी परत करते.

तिसरा बोल धम्माच्या बाजूने येईल. ‘सम्यक वाचेत शिवीगाळ बसत नाही, मग या बाईचे कौतुक कसे करायचे?’ प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नये. मात्र कथा म्हणजे उपदेश नव्हे. ‘असे बोला’ असे ती सांगत नाही. ‘अशा बाजारात, अशा माणसांत, बाईजवळ दुसरे कोणते हत्यार होते?’ एवढेच ती विचारते. उत्तर वाचकाने द्यायचे आहे.

चौथा बोल सगळ्यांत कमी ऐकू येतो. तो पाटी घेऊन फिरलेल्या बाईचा. ती म्हणेल, ‘यात नवे काय? हे तर रोजचेच.’ काहींना वाटेल, तिला कथा कळली नाही. खरे तर तिलाच ती पुरी कळली आहे. जे दुसऱ्यांना धक्का देते, ते तिच्या अंगवळणी पडले आहे, एवढाच फरक.

दोन मुलगे, दोन आया

अशी मतभिन्नता आपल्या साहित्याला नवी नाही. बाबूराव बागूल (१९३० ते २००८) नाशिकजवळच्या विहितगावचे, मुंबईत माटुंगा लेबर कँपात वाढलेले. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला, तेव्हा मराठी वाचक हादरला. कुणी त्याला दलितांचे महाकाव्य म्हटले, तर कुणाला त्यातली भाषा भडक, प्रसंग अतिरंजित वाटले. ज्यांनी जात लपवून भाड्याची खोली घेतली होती, त्यांना मात्र त्यात अतिरंजित काही दिसणे कठीण होते. २०१८ साली जेरी पिंटो यांनी या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद केला. ५५ वर्षांनीही पुस्तक जुने झाले नव्हते.

बागुलांची ‘आई’ ही कथा ‘कवच’ सोबत वाचून पाहावी. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या १९९२ च्या इंग्रजी संकलनातही ती आहे. शाळेत आईवरची कविता शिकवली जाते आणि वस्तीतल्या विधवेच्या मुलाचे मन भरून येते. पण बरोबरीची मुले त्याच्या आईच्या चालीविषयी वाईट बोलतात. त्याच्या मनात संशय शिरतो आणि अखेर तो आईपासून तुटतो.

दोन्हीकडे मुलगाच आहे, आणि दोन्हीकडे लोकांचे बोलणे आई आणि मुलाच्या मध्ये येऊन उभे राहते. बागुलांच्या कथेत ते बोलणे जिंकते आणि मुलगा निघून जातो. ‘कवच’मध्ये आई ते बोलणे उलटवून लावते आणि मुलगा तिच्याजवळ येतो. बागुलांची कथा वाचून मन सुन्न होते, उर्मिलाताईंची वाचून मान ताठ होते. कुणाला पहिली जास्त खरी वाटेल, कुणाला दुसरी. आपण घरात काय भोगले, त्यावर ते अवलंबून आहे.

खरा वाचक मुलगा

म्हणून वाटते, ‘कवच’चा खरा वाचक शिक्षक किंवा समीक्षक नाही. ज्याचे शिक्षण आईच्या पाटीतून झाले, तो मुलगा तिचा खरा वाचक आहे. आज तो बँकेत असेल, एस.टी.त असेल, थळच्या खत कारखान्यात असेल. वह्या, फी, गणवेश यांचे पैसे आईने आणले, हे त्याला माहीत असते. ते आणताना तिने काय काय ऐकले, हे तिने घरी कधी सांगितलेले नसते. बायका ते पाटीबरोबर दारातच उतरवून ठेवतात.

कथा वाचून कुणी ‘अश्लील’ म्हणाला, कुणी ‘छान’ म्हणाला, तरी हरकत नाही. मतभेद झाले म्हणून पुस्तक बंद करू नये, आणि मतभेद करणाऱ्याला चळवळीचा वैरीही ठरवू नये. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्या वाचनानंतर एखाद्या संध्याकाळी अशी एक कथाही वाचावी. वाचणारी लेक असावी, ऐकायला आजी असावी, आणि पहिले मत आजीचे घ्यावे. पुरुषांनी शेवटी बोलावे.

आजी कदाचित कथेविषयी काहीच बोलणार नाही. ती आपलीच एखादी बाजाराची हकीकत सांगू लागेल. तिला थांबवू नका. तुम्ही वाचलेल्या कथेवरचा तोच तिचा अभिप्राय आहे.